शिवलकर काकांचे खुलासे

माझ्या वाढदिवसाला शिवलकर काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं होतं, 'आमचे सदैव हसतमुख शेजारी सावंत यांना शुभेच्छा.' दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच ग्रुपवर त्यांचा खुलासा आला. 'काल सावंत यांचा उल्लेख सदैव हसतमुख असा झाला होता. ते तसे नाहीत. चुकीबद्दल दिलगीर आहे.'

मी लगेच वरच्या मजल्यावर गेलो आणि त्यांची माफी मागितली.

कशाची, ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं. मला अपराधी वाटायला फारसं कारण लागत नाही. भाजीवाल्याने प्लास्टिकच्या पिशवीत मेथी दिली तर ती पिशवी मी घडी घालून खिशात लपवतो आणि वॉचमनसमोरून जाताना खिशावर हात ठेवतो. वॉचमनला त्या पिशवीचं काही पडलेलं नसतं. पण मला त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघता येत नाही.

"बसा सावंत," काका म्हणाले. "आधण ठेवलेलंच आहे."

चहा पिताना उलगडा झाला. आदल्या संध्याकाळी माझी बायको सुनीता वर येऊन गेली होती. "काका, हसतमुख कोण? दुसऱ्या कुठल्या सावंतांबद्दल लिहिलंत का?" असं तिने विचारलं होतं. तिलाही चहा मिळाला होता. योगायोगाने तेव्हाही आधण ठेवलेलंच होतं.

दत्ताराम शिवलकर मूळचे रत्नागिरीचे. शांती नगरमधल्या आमच्या इमारतीत ते आमच्या बरोबर वर, तिसऱ्या मजल्यावर राहतात. लग्न केलं नाही. गोरेगावला औषधांच्या एका कंपनीत बाटल्यांवरची लेबलं तपासण्याचं काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. छापलेलं लेबल त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय बाटलीला चिकटत नसे. एकदा एका खोकल्याच्या औषधावर पूर्णविराम एका अक्षराला टेकलेला दिसला म्हणून त्यांनी सगळा गठ्ठा परत पाठवला होता. "पूर्णविराम टेकला की माणूस दोनच्या जागी तीन चमचे घेईल," असं त्यांचं म्हणणं. कसं, ते विचारायची कुणाची हिंमत झाली नसावी.

निवृत्तीनंतर त्यांनी ब्लॉग सुरू केला. नाव 'हिरवं ताट'. विषय तीन: मीरा-भाईंदरमध्ये काय खावं, कुठलं झाड तोडलं, आणि ओला कचरा. हे तिन्ही विषय एकच आहेत असं त्यांचं मत आहे. "जे ताटात येतं ते मातीतून येतं, जे ताटात उरतं ते मातीत गेलं पाहिजे. मध्ये आपण फक्त चावायचं काम करतो."

रोज रात्री जेवण झालं की ते लेख टाकतात आणि त्याची लिंक ग्रुपवर देतात. मी लगेच अंगठा देतो. लेख वाचत नाही. वाचायचा म्हणून ठेवून देतो आणि मग तो न वाचल्याचं ओझं घेऊन झोपतो. खुलासे मात्र मी वाचतो, कारण ते लहान असतात.

आणि खुलासे फार असायचे. ही गोष्ट मला तेव्हा विचित्र वाटायला हवी होती. ज्या माणसाच्या नजरेतून पूर्णविराम सुटला नाही, त्याच्या लेखात दोन दिवसांआड एक घोडचूक. मी ते वयावर ढकललं.

जुन्या भाईंदरमधल्या एका कोळीणबाईंच्या खानावळीबद्दल त्यांनी फार गोड लिहिलं होतं, फक्त बोंबील रव्यात तळलेले असतात असं लिहिलं. बाईंना कुणीतरी ते वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्या रिक्षा करून आमच्या इमारतीत हजर. जिन्यातूनच आवाज, "कोन तो लिवनारा? रवा न्हाय, तांदलाचा पीठ हाय! रवा लावायला काय मी हाटेलवाली हाय?" हातात पुरावा म्हणून डबाभर बोंबील. काकांनी ते खाल्ले, मान डोलावली आणि म्हणाले, "खुलासा करतो. बसा, आधण ठेवलंय." बाई दुपारी आलेल्या, दिवेलागणीला गेल्या.

पूनम सागर वसाहतीत तोडलेल्या झाडाला त्यांनी करंज म्हटलं. तो पर्जन्यवृक्ष होता. वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक इंद्रलोक वसाहतीतून ते सांगायला आले आणि मग दर बुधवारी येऊ लागले. काकाही दर मंगळवारी एखादं झाड चुकवू लागले.

"काका, चष्म्याचा नंबर तपासून घ्या एकदा," मी म्हणालो.

"घेतला," ते म्हणाले. "नंबर बरोबर आहे."

आता त्यांच्या ड्रमबद्दल सांगितलं पाहिजे.

इमारतीच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीशेजारी, काकांनी खतासाठी दोन निळे ड्रम मांडले आहेत. दोन, कारण आमची इमारत मिश्र आहे. निम्मी घरं मासे खाणारी आणि निम्मी जैन, मारवाडी, गुजराती. मासळीची डोकी आणि दुधीच्या साली एका ड्रममध्ये जाणं शक्यच नव्हतं. सुरुवातीला त्यावर एक सभा झाली होती आणि सभेत खुर्ची मोडली होती. तेव्हा काकांनी दोन ड्रम आणले, दोन लेबलं लावली, 'शाकाहारी' आणि 'मांसाहारी', आणि प्रश्न मिटला. शाकाहारी खत शाकाहारी कुंड्यांना, मांसाहारी खत आवारातल्या नारळाला. नारळ तक्रार करत नाही.

रोज सकाळी काका झाकण उघडून वास घेतात. तो वास घेतल्यावर त्यांना आदल्या दिवशीचा इमारतीचा सगळा स्वयंपाक कळतो. लिफ्टमध्ये ते कुणालाही 'कसे आहात' विचारत नाहीत. "काल वांगं जून होतं तुमचं," म्हणतात. माझ्या घरी पाहुणे येऊन गेले हे माझ्या भावाला कळायच्या आधी त्यांना कळतं.

पण एका घरच्या कचऱ्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा. त्यांच्या समोरच्या दाराच्या, हंसाबेनच्या घरच्या.

हंसाबेन जैन. यजमान गेले, मुलगा परदेशी, गुडघे दुखतात. घरात कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, आलं नाही. "सावंत, काय तो कचरा!" काका म्हणायचे. "दुधीची साल, तोंडल्यांची देठं, पडवळाच्या बिया. प्लास्टिकचा एक कपटा नाही. असा कचरा दहिसर चेकनाक्यापर्यंत बघायला मिळणार नाही." एखाद्या बाईंच्या कचऱ्याची कुणी इतकी स्तुती केलेली मी ऐकलेली नाही. हंसाबेननाही ती ऐकवली जायची. त्या पदर सारखा करून म्हणायच्या, "अरे शिवलकरभाई, कुछ भी."

ते दोघं एकमेकांशी हिंदीत बोलतात. काकांना वाटतं आपण गुजराती बोलतोय आणि हंसाबेनना वाटतं आपण मराठी बोलतोय.

त्यांची ओळखच ड्रमवरून झाली. हंसाबेननी पहिल्यांदा आत वाकून बघितलं आणि विचारलं, "इसमें जीव है?"

"हैं," काका म्हणाले. "लेकिन सब खुश हैं."

या उत्तरावर त्यांनी बराच विचार केला असावा. कारण पुढच्या रविवारी त्यांनी काकांकडे हांडवो पाठवला. डाळ-तांदळाचं आंबवलेलं पीठ, त्यात किसलेला दुधी, वरून तीळ-मोहरीची फोडणी, आणि खालून खरपूस. काका तो उभ्यानेच खाऊन संपवून बसले. मग डब्याचा प्रश्न आला. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात. काकांच्या घरात त्या वेळी होतं काय? भात आणि बांगड्याचं तिखलं. ते शक्य नव्हतं. तेव्हा त्यांनी डबा घासला, पुसला, काठोकाठ शाकाहारी खताने भरला आणि समोर नेऊन दिला.

हंसाबेननी झाकण उघडलं. बघितलं. वास घेतला. "बास तो अच्छी है," म्हणाल्या.

त्या खतात त्यांनी कढीपत्त्याचं रोप लावलं. मग दर रविवारी डबा हांडवो घेऊन इकडे यायचा आणि खत घेऊन तिकडे जायचा. काका दर रविवारी रात्री त्या हांडव्यावर लिहायचे. लेखात नाव नसायचं, 'आमच्या मजल्यावरचा हांडवो' एवढंच. आणि त्यातही चूक असायचीच. कधी तीळ पांढरे की काळे, कधी डाळ तुरीची की चण्याची. सोमवारी दुपारी समोरचं दार उघडायचं. "शिवलकरभाई, ये क्या लिखा?"

त्यांच्यासाठी काकांनी चहाचं वेगळं पातेलं ठेवलं होतं. मासे शिजणाऱ्या घरातलं भांडं त्यांना चालणार नाही म्हणून. पातेल्याच्या अंगावर लेबल: 'हंसाबेन. फक्त चहा.' खुर्ची उंबऱ्यावर, दोन पाय घरात, दोन पाय बाहेर. हंसाबेन पेला आपल्या घरून आणायच्या. काकांना स्वतःला आल्याशिवाय चहा जात नाही, पण त्या पातेल्यात आलं कधी पडलं नाही. त्यात गॅलरीतला गवती चहा.

लेबल पातेल्याच्या अंगावर होतं हे मी मुद्दाम सांगतोय. काकांचं एक पेटंट वाक्य आहे: "लेबल अंगावर. झाकणावर कधीच नाही. झाकण फिरतं." कंपनीत नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्या दिवशी हे शिकवत. आमच्या घरी लोणच्याची बरणी बघूनही त्यांनी हे शिकवलं होतं.

ड्रमची लेबलंही त्यांनी आधी अंगावरच लावली होती. पण ड्रम बुटके. लेबल वाचायला वाकावं लागायचं आणि हंसाबेनचे गुडघे वाकत नव्हते. त्या प्रत्येक वेळी वॉचमनला हाक मारायच्या. काकांनी एक-दोन दिवस ते बघितलं. मग एका सकाळी दोन्ही लेबलं काढून झाकणांवर चिकटवली. "काका, झाकणावर?" मी विचारलं. "वरून दिसतं," ते म्हणाले आणि विषय बदलला.

यंदा पावसाने उघडीप दिली तेव्हा त्यांनी दोन्ही झाकणं घासली आणि उन्हात वाळत टाकली. परत बसवताना त्यांची अदलाबदल झाली.

बराच काळ कुणालाच कळलं नाही. तयार खताला मासळीचा वास उरत नाही, मातीसारखं दिसतं. हंसाबेनचा कढीपत्ता मात्र सुटला. खिडकीची जाळी ओलांडून वर गेला. पानं तळहाताएवढी. हंसाबेन येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात जुडी द्यायच्या. काकांनी त्यावर लेख लिहिला, 'शुद्ध शाकाहारी खताचा चमत्कार', आणि त्या रविवारच्या हांडव्यात कढीपत्त्याला वेगळीच चव आल्याचं नमूद केलं.

जैनांच्या पर्युषणाच्या पहिल्या दिवशी त्यांना शाकाहारी ड्रममध्ये सुरमईचा मणका सापडला.

मी कामावर निघालो होतो. काका ड्रमजवळ उभे होते, हातात तो मणका. मला वाटलं त्यांना बरं वाटत नाहीये.

"झाकणावर लेबल," ते म्हणाले. "सावंत, मी झाकणावर लेबल लावलं."

मी त्यांना आमच्या घरी नेलं. सुनीताने पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, एवढं काय? बाजारातल्या भाजीला काय दुधातुपाचं खत घालतात? तिथेही हाडांचा चुरा असतो."

"असेल," काका म्हणाले. "पण बाजारातल्या भाजीवर मी लेबल लावलेलं नाही."

सुनीताने त्यांना आणखी पाणी दिलं.

त्यांच्यापुढे प्रश्न सरळ होता. सांगावं तर रविवारचा डबा, सोमवारचा चहा, उंबऱ्यावरची खुर्ची, सगळं जाणार. न सांगावं तर हंसाबेन त्या झाडाची पानं खात राहणार. तेवढ्यापुरतं एक बरं होतं. पर्युषणात त्या हिरवं काही खात नाहीत, कढीपत्त्याचं पानसुद्धा तोडत नाहीत. आणि शेवटच्या दिवशी संवत्सरी. त्या दिवशी जैन मंडळी घरोघर, ओळखीच्या प्रत्येकाला हात जोडून वर्षभरातल्या कळत-नकळत झालेल्या चुकांची माफी मागतात. 'मिच्छामि दुक्कडम' म्हणतात. आमच्या भागात राहून हे सगळ्यांनाच पाठ झालं आहे. खरं सांगायचं तर मला या दिवसाचा हेवा वाटतो. आमच्यात असा दिवस असता तर मी आदल्या रात्रीच रांगेत उभा राहिलो असतो.

"संवत्सरीला सांगतो," काका म्हणाले. "तोपर्यंत तालीम करू."

तालीम त्यांच्या स्वयंपाकघरात झाली. मी हंसाबेन व्हायचं असं ठरलं.

"हंसाबेन," काका माझ्याकडे बघून म्हणाले, "आपके कढीपत्ते में सुरमई गई है."

"काका, एकदम सुरमई नको."

"मग? आधी बांगडा सांगू?"

"आधी म्हणा, एक गलती हो गई."

"ते मी दर सोमवारी म्हणतो. तिला वाटेल रोजचीच." मग म्हणाले, "रोजच्या चुका मला माहीत असतात हो. ही मला माहीत नव्हती."

मला या वाक्याचा अर्थ लागला नाही. दुःखात माणूस काहीही बोलतो असं समजून मी मान हलवली. मग त्यांनी पुन्हा सुरुवात केली. या वेळी शेवटपर्यंत नीट म्हटलं, हात जोडले आणि मला 'मिच्छामि दुक्कडम' म्हणाले. माझे डोळे भरून आले.

"काका," मी म्हणालो, "मी तुमचे लेख वाचत नाही. नुसता अंगठा देतो."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "लेख उघडायच्या आधी अंगठा येतो. तुम्ही हंसाबेन आहात, मध्ये बोलू नका."

संवत्सरीच्या दिवशी हंसाबेन पांढरी साडी नेसून दारोदार निघाल्या. मी तिसऱ्या मजल्यावर आधीच जाऊन थांबलो होतो, काकांना धीर द्यायला. हंसाबेननी हात जोडले, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत काकांनी सगळं सांगून टाकलं. झाकणं, लेबलं, मणका. तालमीतलं एक वाक्यही त्यांना आठवलं नाही. "मेरे से हुआ. आपने जो खाया, उसमें था," एवढंच दोनदा म्हणाले.

हंसाबेननी मागे वळून स्वतःच्या उघड्या दारातून आत बघितलं. खिडकीत कढीपत्ता हलत होता. मग त्या काकांकडे वळल्या. "मिच्छामि दुक्कडम," म्हणाल्या, आणि पुढच्या दाराकडे गेल्या. तिथल्या भाडेकरू मुलांनाही त्याच आवाजात तेच म्हणाल्या.

म्हणजे माफी नियमाप्रमाणे मिळाली. हांडवो बंद झाला.

दुसऱ्या दिवशी कढीपत्त्याची कुंडी काकांच्या दाराबाहेर ठेवलेली होती. ठेवण्यापूर्वी तिला पाणी घातलेलं होतं. माती ओली होती, मी बोट लावून बघितलं.

काकांनी ब्लॉगवर जाहीर खुलासा केला. तो त्यांचा सगळ्यात लांब खुलासा, आणि मी तो पूर्ण वाचला. ग्रुपवर दोन दिवस गरमागरमी झाली, ड्रम हटवा म्हणून कुणी कुणी लिहिलं, मग दुसरा विषय आला आणि ड्रम राहिले. काकांनी विटा आणून ड्रमखाली कट्टा बांधला. लेबलं पुन्हा अंगावर लावली, पण आता उभ्याने वाचता येतील इतक्या उंचीवर. ज्यांच्यासाठी हे केलं त्या हंसाबेन मात्र ड्रमकडे फिरकल्या नाहीत. त्यांच्या दुधीच्या साली सकाळी घंटागाडीत जाऊ लागल्या. काका गॅलरीतून ते बघायचे. महापालिकेला काय मिळतंय ते महापालिकेला कळत नव्हतं.

आणि 'हिरवं ताट' बिनचूक झालं. रवा तो रवा, शिरीष तो शिरीष. एकही खुलासा नाही. पाहायला गेलं तर ब्लॉगसाठी ही चांगली गोष्ट होती. प्राध्यापकांचं बुधवारी येणं थांबलं, कारण सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी एकदा संध्याकाळी सहज वर गेलो. काका खिडकीत बसले होते, शेजारी ती कुंडी.

"लेख चांगले होतायत हल्ली," मी म्हणालो. मी दोन वाचले होते.

"हो," ते म्हणाले. "बरोबर आहेत सगळे."

मी थोडा वेळ बसलो. आधण ठेवलेलं नव्हतं.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न झालं. आणि मग एका रविवारी, भर दुपारी, ग्रुपवर लिंक आली. काका नेहमी रात्री लेख टाकतात, म्हणून मी दचकून उघडला. लेख जुन्याच विषयावर होता: 'आमच्या मजल्यावरचा हांडवो.' पण या वेळी नावासकट. 'आमच्या शेजारीण हंसाबेन यांच्या हातचा हांडवो ज्याने खाल्ला नाही त्याने या शहरात येऊन काय केलं, असा प्रश्न पडतो. तो मऊ होण्याचं गुपित आम्हाला कळलं आहे. त्या त्यात भरपूर किसलेला बटाटा घालतात.'

माझ्या हातातला घास ताटात पडला. मासळीच्या खताचं प्रकरण ताजं, आणि आता हा माणूस साऱ्या शांती नगराला सांगत होता की हंसाबेन बटाटा खातात. जमिनीखाली उगवलेलं काहीही ज्या घरात येत नाही, त्या घरात भरपूर बटाटा. मी लेख काढायला लावायचा म्हणून हात न धुता जिना चढलो.

काकांचं दार सताड उघडं होतं. अंगात इस्त्रीचा शर्ट. उंबऱ्यावर खुर्ची, दोन पाय आत, दोन पाय बाहेर.

"काका, काढा तो लेख आधी! बटाटा कुठून आला? दुधी असतो त्यात!"

"असं?" काका म्हणाले.

"तुम्हाला माहीत नाही? तुम्ही त्याच्या साली ओळखता!"

त्यांनी उंबऱ्यावरची खुर्ची जरा सरळ केली. आत स्वयंपाकघरात काहीतरी उकळत होतं. मी डोकावलो. गॅसवर पातेलं होतं. अंगावर लेबल: 'हंसाबेन. फक्त चहा.' ओट्यावर गवती चहाची पाती कापून ठेवलेली. आल्याचा तुकडा तसाच बाजूला टोपलीत पडलेला.

मी त्या पातेल्याकडे बराच वेळ बघत राहिलो. कोळीणबाई, प्राध्यापक, सुनीता, मी. प्रत्येकाच्या वेळी आधण ठेवलेलंच होतं. आणि हंसाबेन सूर्यास्तानंतर काही खातपीत नाहीत, त्यामुळे रात्रीचा लेख दुपारी आला होता.

"सावंत," काका हळूच म्हणाले, "तुमचा चहा उद्या. आत्ता तुम्ही निघा."

समोरच्या दाराची कडी वाजली.

"शिवलकरभाऽई! बटाका? मेरे हांडवे में बटाका?"

मी जिना उतरायला लागलो आणि वळणावर थांबलो. असं थांबून बघणं बरोबर नाही हे मला माहीत आहे. हंसाबेनच्या एका हातात फोन होता. दुसऱ्या हातात ताटली, आणि ताटलीत हांडव्याचा वाफाळता तुकडा. त्यांनी ती काकांच्या नाकासमोर धरली. "ये देखो. देखो ना! दिखाओ मुझे, बटाका किधर है? मेरी नणंद का सुरत से फोन आया! दूधी है, दूधी!"

काकांनी चष्मा लावला. हांडव्याचा तुकडा मोडला, उजेडाकडे धरला, लेबल तपासावं तसा उलटसुलट बघितला. मग खाल्ला. त्याला त्यांनी बराच वेळ लावला.

"दूधी है," ते म्हणाले. "खुलासा करतो. बैठो हंसाबेन, आधण ठेवलंय."

हंसाबेन रागाने तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांची नजर काकांच्या खिडकीकडे गेली. कढीपत्ता तिथे होता, आणि त्याच्या शेजारी नव्या कुंडीत दोन बोटं उंच, कढीपत्त्याचंच दुसरं रोप होतं. कुंडीच्या अंगावर लेबल होतं, ते मला जिन्यातून वाचता आलं नाही. हंसाबेननी वाचलं असावं. त्या घरात गेल्या, आणि आपला पेला घेऊन परत आल्या.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. सकाळी काका झाकण उघडतात आणि लिफ्टमध्ये मला सांगतात, "दुधी कोवळा होता." मी त्यांचे लेख हल्ली वाचतो, वाचल्यावरच अंगठा देतो.

बटाट्याचा खुलासा मात्र अजून आलेला नाही. एका पूर्णविरामासाठी गठ्ठा परत पाठवणारा माणूस रोज काहीतरी सबब सांगतो. कधी नेट गेलं, कधी शब्द जुळत नाहीत. हंसाबेन रोज दुपारी पेला घेऊन समोर जातात आणि विचारतात, "शिवलकरभाई, छापा की नहीं?"

"उद्या नक्की," काका म्हणतात.